मळखाऊ

बेळगावच्या खडेबाजारात कापडाच्या दुकानाची पायरी चढली की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘मळखाऊ दाखवा.’ रंग कुठला, हा पुढचा प्रश्न. चॉकलेटी, मातकट, शेवाळी, उंदरी ही नुसती नावं. आडनाव सगळ्यांचं मळखाऊ. जो मळ खातो आणि ढेकर देत नाही तो चांगला रंग, एवढ्या रंगशास्त्रावर मी वाढलो. शाळेच्या चड्ड्या मळखाऊ, दप्तर मळखाऊ, लग्नात शिवलेला सफारीसुद्धा मळखाऊ. फोटोत मी कुठला आणि मागचा पडदा कुठला, हे नातेवाईक अजून बोट ठेवून ठरवतात.

त्याच आईचा मुलगा हल्ली गुंदला, भाड्याच्या घरात, रात्री दहा वाजता, डोळ्यांवर भिंग चढवून पाच सेंटिमीटर उंचीच्या एका शिपायाला मळवत बसलेला असतो. पदरचे पैसे घालून.

गुंद हे जोयडा तालुक्यातलं गाव. चहूकडे जंगल, मधे सुपारीच्या बागा आणि उळवीच्या चन्नबसवेश्वराला निघालेल्या भाविकांच्या गाड्या. मी इथे मास्तर म्हणून आलो. संध्याकाळी सातनंतर गावात करण्यासारख्या दोनच गोष्टी, जेवणं आणि पाऊस ऐकणं. जेवण अर्ध्या तासात आटोपतं. पाऊस ऑक्टोबरपर्यंत चालतो. मधल्या काळाचं काय करायचं, म्हणून हा शिपाई.

शिपाई मराठा लाइट इन्फन्ट्रीचा आहे. म्हणजे मी तसं ठरवलंय. खोक्यात तो इंग्रज होता. पस्तिसाला एक या मापात शीख शिपाई मिळाला तर फेट्यावरून ओळखता येतो, गुरखा कुकरीवरून. मराठ्याच्या डोक्यावर मात्र चारचौघांसारखंच लोखंडी टोप. मग मराठा ओळखायचा कशावरून? चेहऱ्यावरून. आणि चेहरा साडेसहा मिलिमीटरचा.

प्रसंगही मीच निवडला. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. त्या दिवशी नामदेव जाधव नावाच्या शिपायाने दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाठीवर घेऊन, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे पोहोचवलं. मग मागे फिरून जर्मनांची मशीनगन बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि बाँब फेकून आणखी दोन बंद पाडल्या. शेवटी बांधावर चढून पलटणीची आरोळी ठोकत मागच्यांना ‘या रे’ म्हणून हात केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो घ्यायला ते जिवंतही राहिले. त्यांना घडवण्याची माझ्या कुंचल्याची लायकी नाही. माझा गडी त्यांच्याच पलटणीतला, हात केल्यावर मागून नदी ओलांडणारा कुणी एक. पाण्यातून पहिलं पाऊल नुकतंच काठावर ठेवणारा.

या विषयातला माझा पूर्वानुभव म्हणजे दिवाळीतला किल्ला. मराठी माणसाचं सैनिकी शिल्पाचं शिक्षण तिथेच सुरू होतं आणि बहुतेकांचं तिथेच संपतं. पोत्यावर चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि बाजारातून मातीचे मावळे आणायचे. या मावळ्यांना मापाचं बंधन नाही. मावळा बुरुजाहून उंच, वाघ मावळ्याएवढा आणि माथ्यावरचे महाराज किल्ल्याच्या निम्मे. पायथ्याशी भाजीवाली, तिच्या शेजारी हात दाखवणारा वाहतूक पोलीस. तो सतराव्या शतकात काय करतोय, हे विचारण्याची पद्धत नाही. मावळ्याच्या गालावर गुलाबी ठिपका, मिशी तलवारीला भारी, अंगावर ऑइलपेंटची चकाकी. अफझलखानाची फौज कापून आलेल्या माणसाच्या अंगावर मेला एक डाग नाही! नेमका अवकाळी पाऊस आला की अख्खी शिबंदी पुन्हा मातीला मिळे.

ॲक्रिलिकचा मामला वेगळा. हा रंग पाण्यात कालवतात, पण एकदा वाळला की पाण्याला भीक घालत नाही. लावायचा पातळ. पुस्तकात लिहिलं होतं, दुधासारखा. आमच्या गवळ्याचं दूध प्रमाण मानलं तर शिपाई उघडाच राहील, म्हणून मी ताक धरलं. ताकासारखा पातळ रंग, एकावर एक तीन हात. कढीसारखा झाला की शिपायाच्या चेहऱ्यावरचे नाक-डोळे बुजून जातात आणि तो किल्ल्यावरच्या भाजीवालीसारखा दिसू लागतो.

कातडीच्या रंगाने पहिला दणका दिला. परदेशी बाटलीवर नाव होतं ‘फ्लेश’. कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं, लावल्यावर कळलं. माझा मराठा गडी एका हातात साताऱ्याहून थेट डेन्मार्कला पोहोचला. लहानपणी रंगपेटीत कातडीचा म्हणून एक गुलाबी खडू असायचा. वर्गातल्या पन्नास पोरांपैकी एकाचीही कातडी त्या रंगाची नव्हती, पण ‘माझे बाबा’ या चित्रात सगळ्यांचे बाबा गुलाबी. तो खडू मोठा होऊन स्पेनला जाऊन बाटलीत बसलाय, एवढंच.

मग मी मिश्रणाला लागलो. तपकिरीत थोडा तांबडा घातला, काकवी झाली. पिवळा घातला, कावीळ झाली. चार दिवस माझा शिपाई वेगवेगळ्या रोगांनी आजारी होता. अखेर घरमालकीण आजींच्या चुलीवर नाचणीची आंबील रटरटत होती, ती बघितली आणि वाटी घेऊन धावलो. तोच रंग! कडेला जरा गडद, मधे उजळ. आजींना वाटलं भूक लागली. त्यांनी वाटी भरून दिली. अर्धी प्यालो, अर्धी समोर ठेवून रंग जुळवला. गालफडं, नाकाचा शेंडा, भुवईचं हाड इथे उजळ. टोपाच्या सावलीत आणि हनुवटीखाली काळपट. त्या रात्री पहिल्यांदा तो कुणाचा तरी चुलतभाऊ वाटला.

राहिले डोळे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळे काढायचं काम प्रत्येकाला देत नाहीत. त्याला आखणी म्हणतात, आणि आखणी करणाऱ्याचा मान वेगळा. त्यांना निदान डोळा दिसतो तरी. माझ्या शिपायाचा डोळा एक मिलिमीटरहून कमी. बुबुळ वरच्या नि खालच्या अशा दोन्ही पापण्यांना टेकलं पाहिजे, हा नियम. मधे चारी बाजूंनी पांढरं राहिलं की माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. माझा पहिला प्रयत्न भूत पाहिल्यासारखा झाला. दुसरा तिरळा. तिसऱ्यात एक डोळा शत्रूवर, दुसरा रेशनच्या गाडीवर. सहाव्या खेपेला मी टोप थोडं पुढे ओढून सावलीचा दाट हात दिला आणि प्रश्न निकालात काढला. डोळे आहेत, असं समजायचं.

एवढं होईतो आषाढ लागला. ॲक्रिलिक वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेले कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात. यात गृहीत असं की हवेत पाण्याला जागा आहे. आषाढात गुंदची हवा आधीच हाउसफुल्ल असते. बाटलीवर लिहिलेलं, वीस मिनिटांत वाळतो. तिसऱ्या दिवशी मी बोट लावलं तर शिपायाच्या पाठीवर माझा अंगठा उमटला, आणि तो ठसा इतका स्वच्छ की बँकेने चालवून घेतला असता.

आजींना दया आली. या घरात पावसाळ्यात न वाळणाऱ्या सगळ्या गोष्टींसाठी एकच उपाय आहे. चुलीवरची मांडवी. तिथे चड्ड्या वाळतात, कोकमाची सोलं वाळतात, काड्यापेटीही वाळते. मी शाळेत असताना आजींनी शिपायाला सोलांच्या शेजारी नेऊन ठेवलं. संध्याकाळी बघतो तर रंग खणखणीत वाळलेला, अंगावर धुराची मऊ काजळी, आणि टॉमीगनची नळी खाली वाकलेली. शिपाई रेझिनचा, आणि रेझिन उष्णतेने मऊ पडतं. नदी ओलांडून शत्रूवर चाल करणारा वीर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर नेम धरून उभा होता. कढत पाण्यात बुडवून नळी सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात धरायची, हा इलाज मला ठाऊक होता. तो केला. नळी सरळ झाली, काजळी मात्र मी मुद्दाम ठेवली. तशी काजळी उमटवायला लोक एअरब्रश विकत घेतात.

आता मूळ मुद्दा. रंगवून झालेला शिपाई नव्या भांड्यासारखा दिसतो. त्याला वापरलेला, भिजलेला, खरचटलेला, धुळीने माखलेला दाखवायचं, याला इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात. मराठीत शब्द शोधायला मला लांब जावं लागलं नाही. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही पोरांना शिकवतो तेच हे, विदारण. खडक ऊनपावसाने फुटतात, झिजतात, कुजतात. प्रकार तीन, कायिक, रासायनिक, जैविक. ‘मी शिपायाचं विदारण करतोय’ असं आजींना सांगितलं तेव्हा त्या देवाकडे बघून गप्प राहिल्या. नरसिंहाने हिरण्यकशिपूचं केलं ते त्यांना आठवलं असावं.

विदारणाचं साहित्य बाजारात मिळतं. गंजाची बाटली मिळते, धुळीची मिळते, शेवाळाची मिळते आणि चिखलाचीही. चिखलात पुन्हा जाती, युरोपियन चिखल, रशियन चिखल. मी युरोपियन मागवला. चारेकशे रुपयांना वाटीभर. पार्सलवाल्याचा दांडेलीहून फोन आला.

‘सर, तुमचं पार्सल आहे. आत काय आहे? फुटण्यासारखं आहे का?’

‘नाही. चिखल आहे.’

पलीकडे बराच वेळ पावसाचा आवाज.

तो पोरगा भर पावसात मोटारसायकल घेऊन आला. दोन ठिकाणी घसरला होता. गुडघ्यापर्यंत लाल, पाठीवर मानेपर्यंत शिंतोडे, हेल्मेटवर चिखलाचा लोळ. त्याने दप्तरातून प्लॅस्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली, स्वच्छ, कोरडी चिखलाची बाटली काढून माझ्या हातात ठेवली आणि सही घेतली. सही करताना मला त्याच्याकडे बघवेना.

बरं, या बाटल्यांत असतं काय? गंजाच्या आणि लाल मातीच्या बाटल्यांत मुख्यतः लोहाची ऑक्साइडं. आमच्या अंगणातल्या जांभ्याच्या मातीला लाली येते ती त्याच ऑक्साइडांनी. म्हणजे लोखंड गंजतं आणि गुंद लाल होतं, त्यामागचं रसायन एकच. मी अंगणातली माती वाळवायला घेतली (मांडवीवर, अर्थात) आणि आजींच्या जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ केली. वस्त्रगाळ करावीच लागते. पस्तिसाला एक या मापात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे शिपायाच्या मानाने साडेतीन सेंटिमीटरचा. बुटावर अख्खी सुपारी चिकटवून युद्धाला निघाल्यासारखं दिसतं.

त्यानंतर वॉश, म्हणजे काळपट तपकिरी रंगाचं पाणी. ते अंगावरून सोडलं की चुण्यांत, खिशांच्या शिवणीत, पट्ट्यांच्या कडेला जाऊन बसतं. त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकायचा, नाहीतर पाणी कडांना थांबून ओघळाचे डाग पडतात. तो वाळला की कोरडा कुंचला. रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. चिंचेने देव उजळल्यासारखी एकेक घडी वर येते. हे काम इतकं गोड आहे की थांबायचं कधी ते कळत नाही. मी थांबलो तेव्हा शिपाई सेनिओ नदीतून नव्हे, गटारातून वर आल्यासारखा दिसत होता. मी खूश होतो.

अशा वेळी सुभेदारसाहेब आले.

सुभेदारसाहेब मूळचे खानापूरकडचे. मराठा रेजिमेंटमध्ये आयुष्य काढून आता इकडे सुपारीची बाग करतात. बेळगावचं मराठा सेंटर १९२२ पासून तिथे आहे. त्यांच्या घराण्यातल्या तीन पिढ्या त्याच्या फाटकातून आत गेल्या. त्या दिवशी ते बागेतूनच येत होते. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतात, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. सुभेदारसाहेबांच्या सदऱ्यावर त्याचे निळे-पांढरे ओघळ, खांद्यावरच्या पंपाचं पितळ मोरपिशी झालेलं, लुंगी खोचलेली, पाय गुडघ्यापर्यंत लाल, पोटरीवर एक जळू. गुंदमध्ये विदारणाचा पहिला नंबर काढायचा झाला तर त्यांना डोळे झाकून दिला असता. फक्त मिशी तेवढी परेडला निघालेली.

‘काय ओ मास्तर, काय करालाय?’

मी अभिमानाने शिपाई पुढे केला. त्यांनी भिंग घेतलं, खुर्ची ओढली, पुढूनमागून पाहिला. चेहरा बदलत गेला.

‘मराठा म्हणता ह्याला?’

‘होय. पहिली बटालियन. जंगी पलटण.’

‘ह्याला असा बाहेर सोडला कुणी?’

‘साहेब, युद्ध चालू आहे. चिखल लागणारच.’

‘लागतो. मास्तर, लागतोच की. पण लागलेला ठेवत नाहीत.’ त्यांनी पंप उतरवला. ‘अठ्ठावीस वर्षं आम्ही दुसरं काय केलं? सकाळी मळवायचं, संध्याकाळी काढायचं. पितळेला ब्रासो, पट्ट्याला ब्लँको, बुटाला पॉलिश, कपड्याला कांजी. बकलात स्वतःचं तोंड दिसलं नाही तर हवालदार पिट्टू लावायचा. भरलेला पिट्टू पाठीवर, मैदानाला फेऱ्या. आणि तुम्ही पैसे देऊन घाण आणलासा?’

माझ्या चारेकशे रुपयांची बाजू मी मांडून पाहिली. खाकीचा इतिहास काढला. खाक म्हणजे धूळ; १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या कोअर ऑफ गाइड्सने हा मातकट रंग अंगावर घेतला आणि पुढे अख्ख्या जगाच्या फौजा त्यात गेल्या. म्हणजे फौजेचा गणवेशच मुळात मळखाऊ, साहेब. माझ्या आईने निवडल्यासारखा.

‘मळखाऊ म्हणजे मळ दिसू नये म्हणून,’ सुभेदारसाहेब म्हणाले. ‘तुम्ही तो दिसावा म्हणून घासालाय.’

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पण माणूस मोठा. एकदा नाराजी नोंदवल्यावर त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि पुढचा तास मला चिखल शिकवला. पहिली गोष्ट, माती चुकली. इटलीतली ती नदी गाळाच्या सपाटीतली, तिथला चिखल राखी-तपकिरी. माझा गडी मात्र गुडघ्यापर्यंत लाल. ‘हा सेनिओतून आलाय की अणशीच्या घाटातून?’ दुसरी, चिखल सगळीकडे सारखा बसत नाही. माणूस कोपरावर आणि गुडघ्यावर रांगतो, तिथे तो दाबून बसतो. मांडीला हात पुसतो, तिथे फासटलेला. उजव्या खांद्यावर बंदुकीचा पट्टा घासून कापड उजळतं, तिथे मळ टिकतच नाही. पाठीवर घाम वाळून मिठाची पांढरी कड येते, पिट्टूच्या बरोब्बर आकाराची. ‘ती कुठल्या पुस्तकात आहे?’ त्यांनी विचारलं. कुठल्याच नव्हती. तिसरी, पाण्यातून निघालेला माणूस मळका नसतो, ओला असतो. ओलं कापड गडद दिसतं आणि अंगाला चिकटतं. कंबरेला पाण्याची रेघ हवी. खाली गडद, वर कोरडं.

बंदुकीबद्दल त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. चिखलाचा एक ठिपका मी मोठ्या कौशल्याने नळीच्या तोंडाशी लावला होता. तो त्यांनी नखाने खरवडून काढला. ‘माणूस मळला तर चालेल. हत्यार नाही.’

मी सगळं पुन्हा केलं. युरोपियन चिखलाची बाटली अखेर उघडली, कारण राखी माती गुंदमध्ये मिळेना. कंबरेखाली गडद हात, वर अर्धवट चकाकीचं वॉर्निश म्हणजे ओल दिसते. पाठीवर मिठाची कड, सुईच्या टोकाने. आठवडाभराने सुभेदारसाहेबांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि म्हणाले, ‘दोन दिवस घरी नेतो. नातवाला दाखवतो.’

दोन दिवसांचे नऊ झाले. परत आला तेव्हा काड्यापेटीत, कापसावर निजवलेला. जागेवर उभा करून मी दिवा जवळ घेतला. कोपरं मळकी, गुडघे मळके, पाठीवर मीठ, कंबरेला पाण्याची रेघ, सगळं माझंच. आणि बूट काळेकुळकुळीत. कोळशासारखे नव्हेत, आरशासारखे. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, खऱ्या बूटपॉलिशने, तोंडाची वाफ मारून घासलेले. दिव्याची ज्योत उजव्या टाचेत वेगळी आणि डाव्या टाचेत वेगळी दिसत होती.

‘साहेब, हे काय केलंत?’

‘काय केलं?’

‘बूट! बाकी सगळा चिखलात आणि बूट असे?’

‘नदीतून वर येतोय ना तुमचा गडी?’

‘येतोय.’

‘काठावर पहिलंच पाऊल टाकतोय?’

‘होय.’

‘मग पाण्यात बूट धुवून निघाले की ओ मास्तर,’ सुभेदारसाहेब म्हणाले आणि पंप खांद्यावर टाकून बागेकडे निघून गेले.

पायरीवर त्यांच्या पायांचे लाल ठसे होते. आजी पाण्याची बादली घेऊन बाहेर आल्या.